फेल म्हणजे पडला

माझी शेजारीण सायबिणीपुढे, म्हणजे मदर मेरीपुढे, मेणबत्ती लावून एकच मागायची: माझ्या भावाला निवडणुकीत पाड.

मी तिला झापायचे. "अगं, सख्खा भाऊ तुझा! लोक जिंकू दे म्हणून नवस करतात, आणि तुझं हे काय?" आम्ही इंग्रजीत बोलायचो. तिचं मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे भांडायला मजा यायची. कॅनडात ग्वेल्फला एकाच बिल्डिंगमध्ये दारासमोर दार, रविवारी एकच चर्च, आणि दोघी एकाच फूड प्लांटमध्ये पॅकिंगला. मी वसईची, ती आफ्रिकेतली. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, तिची वहिनी अजून तिथंच आहे.

दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची गोष्ट. तिच्याकडे राष्ट्राध्यक्षाची आणि संसदेची निवडणूक एकाच दिवशी होती. राष्ट्राध्यक्ष परत येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. किती मतांनी, एवढाच काय तो प्रश्न. तिचा धाकटा भाऊ शाळामास्तर, आणि हा पठ्ठ्या विरोधी पक्षाकडून संसदेला उभा राहिलेला. कॅनडाचा व्हिसा त्याच्या पासपोर्टवर आला होता. हरलो तर पुढच्याच आठवड्यात तुझ्याकडे येतो, असं त्यानं बहिणीला कबूल केलं होतं.

"आणि जिंकला तर?" मी विचारलं.

"आमच्याकडे तसला माणूस जिंकला तर फार दिवस घरी राहत नाही."

मला वाटलं, बाई घाबरट आहे. आमच्याकडे पंचायतीच्या निवडणुकीत काय कमी राडे होतात? पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं एका लग्नात शेजारी बसून जेवतात.

मतदानाच्या दिवसापासून त्या देशातलं इंटरनेटच बंद झालं. मेसेज नाही, काही नाही, फक्त साधा फोन, तोही लागला तर लागला. प्लांटमध्ये मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि निकालाच्या दिवशी तिची सात ते तीन शिफ्ट. माझा ऑफ. म्हणून तिनं वहिनीला माझा नंबर दिला. "काय ते कळलं की लगेच सांग हं," असं मला दहादा बजावून गेली.

दहाच्या सुमारास फोन आला. मी कांदा चिरत होते, म्हणून स्पीकरवर टाकला. वहिनीला इंग्रजी जेमतेमच. घाईघाईत, रडत, ती एकच म्हणत होती, "ही फेल. टेल हर, ही फेल."

मी म्हटलं, झालं! फेल. आपल्याकडे फेल म्हणजे नापास, आणि निवडणुकीत नापास म्हणजे पडला. कुठूनही या, अर्थ तोच. रडणार नाही तर काय, नवरा हरलाय बिचारीचा. मी तिला धीर द्यायला लागले. "डोन्ट क्राय. माझा मामा तीनदा पडला! काही होत नाही." ती मध्येच म्हणाली, "शी कॉल नाऊ. प्लीज. ही आस्क फॉर हर." आणि लाइन कट.

माझी पोरगी टेबलाशी सिरियल खात होती, शाळेला सुट्टी होती तिच्या. ती म्हणाली, "मॉम, शी सेड फेल. लाइक, फेल डाऊन?"

"तू गप गं," मी म्हटलं. "इलेक्शनमधलं तुला काय कळतं?"

आठ वर्षांच्या पोरीला कळलं, आणि मी शहाणी तिला गप्प बसवत होते.

बरं, फोन करायला सांगितलंय, तर धावत जावं ना? पण मला आठवला मामा. पंचायतीला पडला की तीन दिवस दार लावून बसायचा. कुणी समजूत घालायला गेलं की खेकसायचा, आणि मग दोन्ही घरांत अबोला. मामी सगळ्यांना सांगायची, आधी त्याला निवू द्या. मी म्हटलं, याचंही तेच. हरल्या हरल्या बहिणीचा फोन कशाला? त्यातून ही बया आनंदानं किंचाळणार, आणि पलीकडे त्याच्या जखमेवर मीठ चोळलं जाणार. कुकर लावला, भात झाला, मग पोरीला घेऊन प्लांटवर गेले.

साडेअकराच्या ब्रेकला ती बाहेर आली, डोक्यावर जाळी, हातात ग्लोव्हज. मी लांबूनच ओरडले, "ही लॉस्ट!"

काय सांगू! बाई पार्किंगमध्ये नाचली. मला मिठी मारली, पोरीला उचललं, बर्फात गुडघे टेकून सायबिणीचे आभार मानले. "फोन करू?" तिनं विचारलं. "उद्या कर," मी म्हटलं. "आज त्याला निवू दे. पुरुष हरला की त्याला एकटं सोडावं." तिला ते पटलं. माझ्यावर विश्वास होता तिचा.

तीनला शिफ्ट सुटली तशी आम्ही तिच्या भावासाठी विंटर जॅकेट बघायला गेलो. तो तिच्याच उंचीचा, म्हणून तीच घालून बघत होती. दुकानातल्या रेडिओवर तिच्या देशाची बातमी लागली: राष्ट्राध्यक्ष प्रचंड मतांनी पुन्हा निवडून, संसदेतही जवळजवळ सगळ्या जागा त्यांच्याच पक्षाच्या. ती हसली. "जवळजवळ म्हणजे? कोण आलं असेल बिचारं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. मी तिच्या हातात दिला.

त्यांच्या भाषेतलं मला अक्षर कळत नाही. मी फक्त तोंड बघत होते. आधी ती हसतच बोलली, मग "नो" म्हणाली, मग पुन्हा "नो", आणि हळूहळू खाली बसली, जॅकेट अंगात तसंच. पोरगी माझ्या कोटाला धरून उभी होती.

मग ती इंग्रजीत बोलली, तुकड्यातुकड्यानं. भाऊ जिंकला होता. मोजणीच्या जागी सही-शिक्क्याचा कागद हातात घेऊन तो जिन्यावर आला, तिथं कुणीतरी त्याला वरून खाली ढकललं. दोन मजले. हॉस्पिटलात नेलं तेव्हा शुद्धीवर होता. बोलत होता. तिकडच्या रात्री नऊपर्यंत, म्हणजे आपल्या दुपारी दोनपर्यंत. मग गेला.

मी म्हटलं, "जिझस." दोन. म्हणजे मी भात शिजवला, गाडी काढली, ती नाचली, ते सगळं होऊन वर अडीच तास तो होता. जाकिटांच्या रांगेत एक बाई आम्हाला वळसा घालून पुढे गेली.

शेजारणीनं डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "वहिनी म्हणते, तिनं तुला सांगितलं होतं, मी लगेच फोन करावा, तो मला बोलावतोय. सांगितलं होतं तिनं?"

मी हो म्हटलं.