डॉक्टरीणबाई मिश्रीवरनं ओरडल्या

मंडळी, आज सकाळी राजारामपुरीत दाढ काढून आले. गाल सुजलाय, पण लई खूश हाय.

मला एचआयव्ही हाय. गोळ्या रोज घेते, तब्येत ठणठणीत. पण आधी दातांच्या दोन दवाखान्यांत हे सांगितलं, तर दोन्हीकडं "मशीन बिघडलंय" म्हणून परत पाठवलं.

आजही खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालू आहेत ना? मग आ करा."

तोंडात बघितलं आणि भडकल्याच. "मावशी, तंबाखूची मिश्री लावता? दातांची पार वाट लावलीय! आजपासून बंद!"

माझ्या आधीच्या बाईला झापलं होतं, तस्संच मलाबी झापलं.

डॉक्टर ओरडल्यावर एवढं बरं वाटलंय का वो कुणाला?