ताईची राजीखुशी

ताईच्या थोरल्या जावेला मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ताईचे सासरे आणि थोरले दीर लोहाऱ्याहून धाराशिवला वकिलाकडं निघाले. मी कायदा शिकते, म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं.

परदेशात पैसे देऊन दुसरी बाई आपलं मूल तिच्या पोटात वाढवून देते, असं दिरांनी ऐकलं होतं. वकील म्हणाले, "देईल. पण लेकरू कुणाचं, कुठल्या देशाचं, पासपोर्ट कोण देणार, हा घोळ निस्तरेपर्यंत ते तिकडंच अडकायचं. इथं तर त्यासाठी पैसे देणंच गुन्हा. बाई राजी हवी, पंचवीस ते पस्तीस वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली."

"मग घरातच हाय की!" सासरे म्हणाले. शेजारी उसनं मागायची वेळ टळली, असा सूर.

ताई तेव्हा घरी भाकरी थापत होती.

शुक्रवारी सासूनं तिला पाटावर बसवून खण-नारळानं ओटी भरली. कशासाठी, ते भरल्यावर सांगितलं. आमच्याकडं भरलेली ओटी परत करत नाहीत. वर थोरली जाऊ, ताईची अक्का, रडत धाकटीच्या पाया पडली. दाजी उठून गोठ्यात गेले.

पैसे घेतले नाहीत म्हणजे बाई राजी, असं कायदा समजतो. धाकट्या सुनेला कुठल्या कामाचे पैसे आजवर कुणी दिलेत?

परवानगीसाठी कोर्टात उभी केली, तेव्हा ताई "राजीखुशीनं" म्हणाली.

बाईच्या शरीरावर बाईचा हक्क, असं छापलेली पत्रकं वाटत मी मोठी झाले. दवाखान्यात बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सासू बसली होती. मी ताईला हळूच म्हणाले, "गर्भ आत सोडेपर्यंत नाही म्हणता येतं, ताई. कायद्यातच आहे."

"आन् मग ऱ्हाऊ कुठं? तुझी पत्रकं अंथरू?"

"माझ्याकडं ये."

"हॉस्टेलवर? लेकरासकट?" ती हसली. मग म्हणाली, "अक्काचं तोंड बघवत न्हाय गं. लई सोसलंय तिनं. पण मला आधी इचारलं असतं, तर कदाचित मीच व्हय म्हणले असते."

"आता मी विचारते. तुला करायचंय?"

ती खरंच विचार करू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

नर्सनं हाक मारली. ताईच्या आधी सासूच उठली.