देवमाशाच्या तोंडात बेडस्पेस

आमच्या अबुधाबीच्या लॅबमध्ये किस्से फ्रीजमधल्या बरण्यांसारखे साठत गेले. लेबलं पुसली गेली, तरी फेकायला कुणी धजावेना. त्यातले बहुतेक किस्से बापटसरांचे.

बापटसर आमचे कृमितज्ज्ञ. पोटापाण्यासाठी माशांच्या आतड्यातले जंत तपासायचे, जीव मात्र देवमाशात. काही देवमाशांना दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतात, पाणी गाळायला. त्या पट्ट्यांवर बारीक धाग्यासारखे सूत्रकृमी राहतात. सरांनी ते बाटलीत मेलेलेच पाहिले होते. एकदा जिवंत बघायचे, एवढीच इच्छा!

*

गणपतीच्या जेवणात एका बँकवाल्याने विचारलं, "म्हणजे ते देवमाशाला खातात?"

"छे हो! पट्टीवर साचलेलं खातात. त्याला त्रास नाही, यांना भाडं नाही. देवमाशाच्या तोंडात बेडस्पेस!"

परक्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहणारी आमची पोरं खो खो हसली. सरांची मुलगी तेवढी ओरडली, "बाबा, प्लीज! वी आर ईटिंग!"

*

पहिला देवमासा किनाऱ्याला लागला तो नेमका शुक्रवारी. तिकडची सुट्टी, ऑफिस बंद, खबर देणारा फॅक्स कोण बघणार? शनिवारी सर डबे, चिमटे, गमबूट घेऊन माझ्यासोबत पोचले, तोवर बुलडोझरने तो वाळूत पुरून टाकला होता.

"खलास, डॉक्टरसाब! एकदम साफ!" बुलडोझरचा ड्रायव्हर खुशीत म्हणाला.

सरांनी त्याचे आभार मानले. मग रिकामे डबे परत गाडीत ठेवले.

*

दुसऱ्या वेळी ताज्या पट्ट्या हाती लागल्या! सरांनी त्या समुद्राच्या पाण्याच्या टबात ठेवल्या आणि घाईघाईने चार घास खायला गेले. त्याच दुपारी मोठ्या साहेबांची व्हिजिट होती. व्हिजिट म्हटली की दिसेल ते धुवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कुंड्यांतली पानंसुद्धा पुसली जायची.

अॅडमिन मॅनेजरने पट्ट्या फिनेलने घासून, कोरड्या करून रिसेप्शनवर मांडल्या. वर म्हणाला, "डॉक्टर, हबीबी, अब बिलकुल स्मेल नहीं!"

सर आभाराचं "शुक्रन" म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले. बराच वेळ आतला नळ वाहत होता. आजही आठवलं की फार वाईट वाटतं.

*

सरांची साठी झाली. व्हिसा वाढवून मिळाला नाही. एअरपोर्टवर म्हणाले, "तिसरा आला तर कळव रे. इन्शाल्ला."

सर डोंबिवलीला गेले आणि दोन महिन्यांत आला की तिसरा! या वेळी मी टबाजवळून हललोच नाही. पट्टीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. पांढरे धागे वळवळत होते. इथे सर हवे होते, मी नाही. तसाच लॅबच्या फोनवरून डोंबिवलीचा नंबर फिरवला.

"सर, जिवंत आहेत!"



"हलतायत?"

"हलतायत, सर. खूप आहेत."

"मग तू बोलू नकोस आता. रिसीव्हर त्यांच्याजवळ धर."

मी रिसीव्हर मायक्रोस्कोपला टेकवून धरला. अॅडमिन मॅनेजर दारात आला, थोडा वेळ बघत राहिला, आणि त्याने हळूच घरघरणारा एसी बंद केला.