पहिला पेला कढीपत्त्याला

पाण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगते. शहरातल्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. सकाळी स्टेशनवर जाऊन गाडी पकडायची आणि दिवसभर लोकांच्या घरचं पाणी बाटल्यांतून बघायचं. क्लोरीन कमी आहे की जास्त, ते मला वासावरून कळतं. नातेवाइकांकडे गेले की हातात आलेला पेला मी आधी उजेडात धरते. नवरा म्हणतो, हिला चहाच द्या, निदान उकळलेला तरी असतो.

अशा बाईच्या घरी, शहापुरात, तिच्याच पाच वर्षांच्या मुलीचं पोट दिवाळीच्या आधी तीनदा बिघडलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, पाणी कुठलं पिता? मला इतका राग आला की मी चिठ्ठी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

घरात फिल्टर होता, चार दुकानं फिरून मीच निवडलेला. आई गेल्यावर बाबा गावाकडचं, शेणव्याचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांना फिल्टरचं पाणी बेचव लागलं म्हणून माठही आला. तो भरायचं काम त्यांचं. मी सकाळी बाहेर पडले की त्यांचा सोहळा सुरू व्हायचा. उकळत्या पाण्यात फडकं बुडवून पिळायचं आणि फिल्टरची तोटी आतून-बाहेरून पुसायची. पहिला पेला खिडकीतल्या कढीपत्त्याला. मग दुसऱ्या धुतलेल्या फडक्यातून गाळून माठ भरायचा. माठात पेला बुडवायची कोणाची टाप नव्हती. लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी काढायचं. गाळलेलं पाणी पुन्हा काय गाळता, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांना चिडवायची. ते हसायचे आणि आपलं काम चालू ठेवायचे. मुलीची शाळेची बाटली मात्र मी भरायची, सगळ्यांच्या आधी उठून, गाडीच्या घाईत, थेट तोटीखाली धरून.

डॉक्टरांचा प्रश्न मनातून जाईना. पाणी दूषित असलं की काळी पडते ती तपासणीची बाटली मी कामावरून घरी आणली. नमुना अगदी शिस्तीत घेतला. तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटली भरली. दोन दिवस झाले तरी ती काळी पडली नाही. फिल्टर पास. आता उरलं कोण? दुपारभर कुंड्यांच्या मातीत हात घालणारे, तांब्या राखेने घासणारे, स्वयंपाकघरात फडकी वाळत घालणारे बाबा. माठातलं पाणी तपासायचीसुद्धा मला गरज वाटली नाही.

"बाबा, आजपासून पिण्याच्या पाण्याला तुम्ही हात लावायचा नाही," मी म्हटलं. मुलगी समोरच होती.

त्यांच्या हातात ओगराळं होतं. ते त्यांनी खिळ्याला अडकवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. मी माठ रिकामा करून पालथा घातला.

त्यानंतरच्या रविवारी मी स्वयंपाकघरात आले तर बाबा गॅलरीच्या दाराशी ओणवे उभे होते. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरलेली, आणि मुलगी स्टुलावर चढून त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत होती. तिला तो खेळ वाटत होता. मी म्हटलं, हे काय, पेला घ्या ना.

"राहू दे," ते म्हणाले. "माझी आय अशीच पियाची. गावाच्या विहिरीला आमचा हात लागलेला चालत नव्हता. कोणी वरून ओतलं तर पियाचं, नाय तर तसंच घरी."

टोमणा मारला असता तर मी भांडले तरी असते. पण ते साधेपणाने बोलले. आजीची ही गोष्ट ऐकतच मी वाढले होते. तिच्या हाताला जे पाणी नाकारलं, ते पाणी चांगलं की वाईट हे आता माझी लेक ठरवते, असं बाबा अख्ख्या शेणव्यात सांगत फिरायचे. मला लाज वाटली. पण मुलीच्या तब्येतीपुढे माझ्या लाजेचं काय, असं मी स्वतःला बजावलं आणि शब्द मागे घेतला नाही.

दिवाळीत आम्ही आठ दिवस सासरी मुरबाडला गेलो. तिथे मुलगी बोअरचं पाणी पिऊन अंगणभर हुंदडली. शहापूरला परत आलो आणि चौथ्या दिवशी ती अशी आजारी पडली की दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. हात इतका बारीक की शीर सापडेना. बाबा तिच्या पायाशी बसून होते. नर्सने तिला दोन घोट पाणी पाजा म्हणून बाटली त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला माझाच तिटकारा आला.

दोन दिवसांनी मुलीला घरी आणलं. तिला तहान लागली होती. मी चपला काढेपर्यंत तिने पेला घेऊन फिल्टरची तोटी दाबलीसुद्धा. पहिल्याच धारेने पेला भरला आणि तिने तो तोंडाकडे नेला. मी तिथेच थबकले. तिने तोटी स्पिरिटने पुसली नव्हती. दोन मिनिटं पाणी वाहू दिलं नव्हतं. पिताना कोणाच्या घरी पाणी असं वाहू देतात? आमच्या प्रयोगशाळेची ती रीत फिल्टरच्या आतलं पाणी तपासण्यासाठी असते. तोटीची घाण नमुन्यात येऊ नये म्हणून. मी धावत जाऊन तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि ते पाणी तसंच्या तसं तपासणीच्या बाटलीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी बाटली शाईसारखी काळी झाली होती. तोटीत बोट घातलं, तर ते बुळबुळीत होऊन बाहेर आलं. ती घाण रोज सकाळी कोण पुसून काढत होतं, ते मला तेव्हा कळलं. शाळेची बाटली मी त्या पुसण्याच्या आधी भरत होते, आणि मी बाबांचा हात थांबवल्यापासून तोटी कोणीच पुसली नव्हती. घरातलं पाणी बाबांच्या हाताने बिघडलं नव्हतं. त्यांच्या हातामुळेच ते तोवर जेमतेम सांभाळलं गेलं होतं.

मी काळी बाटली घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, काहीही न वगळता. चूक माझी आहे, हेही स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यांनी बाटली फिरवून बघितली. मग उठले, गॅसवर पाणी ठेवलं, फडकं शोधलं. तोटी पुसली. पहिला पेला कढीपत्त्याला घातला. माठ धुऊन, गाळून भरला. खिळ्यावरचं ओगराळं काढलं.

"बाबा, आधी मला द्या," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे ओंजळ धरली.

त्यांनी ओगराळं खाली ठेवलं. माझे दोन्ही हात धरून एकमेकांपासून सोडवले आणि उजव्या हातात पेला दिला.

"पेल्यानं पी गो," ते म्हणाले, आणि पेला काठोकाठ भरला.