लागणीची तारीख

ती केस अजून माझ्या मनातून जात नाही. तसा गुन्हा मोठा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. लक्षात राहिली ती त्या तपासात मी ज्या तऱ्हेने वागलो त्यामुळे. इथे कोणाचंही नाव लिहीत नाही. स्वतःला मात्र वगळता येत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. पारनेरहून बदली होऊन मी गोदावरीकाठच्या एका तालुक्यात निरीक्षक म्हणून आलो होतो. पारनेरला कोरडवाहू शेती, त्यामुळे भांडणं बांधावरून आणि विहिरीवरून. इकडे सगळी भांडणं उसावरून. ज्याच्या उसाची लागण आधी त्याची तोड आधी, असा साखर कारखान्याचा नियम. तोड लांबली की ऊस उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळतो आणि वजन घटतं. त्यामुळे तिथल्या माणसाला स्वतःची जन्मतारीख एक वेळ आठवणार नाही, पण लागणीची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल.

त्या वर्षी कारखान्याने या नोंदी वह्यांतून काढून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. ते सगळं काम एका मुलीने उभं केलं होतं. वय तेवीस-चोवीस, बौद्ध वस्तीतली, वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. कारखान्याने जाहिरात देऊन लेखी परीक्षा घेतली होती, त्यात तिचा पहिला नंबर आला. दुसरा नंबर माझ्या थोरल्या मुलाचा होता.

जागा एकच होती. आमच्या घरात पुढे दोन महिने त्या मुलीचं नाव न घेता तिच्याबद्दलच बोलणं चालायचं. मी म्हणायचो, कोट्यातून लागली असेल. मुलगा म्हणायचा, "बाबा, तिथे कोटाच नव्हता. तिला मार्क जास्त पडले." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नसायचा, आणि मला त्याचाही राग यायचा. मुलगा नोकरीवाचून घरात बसलाय आणि बाप आतल्या आत जळतोय, असा तो काळ होता.

जानेवारीत कारखान्याच्या गेटवर मारामारी झाली आणि दोन्ही बाजू ठाण्यात आल्या. एका म्हाताऱ्या शेतकरी बाईची तोडीची पाळी मागे गेली होती आणि शेजाऱ्याची पुढे आली होती. बाईच्या पुतण्याने शेजाऱ्याचं डोकं फोडलं होतं. बाई हातात कारखान्याचा छापील कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, माझी लागन आखाडात झाली. ह्यो कागद म्हनतो दिवाळीत झाली. मी येडी हाय का?"

मी दोन्ही बाजूंचे जबाब घेऊन त्यांना वाटेला लावलं. त्यानंतर दोनच दिवसांनी टपालाने निनावी पत्र आलं, तेही कॉम्प्युटरवर छापलेलं. मजकूर मोजका होता. कारखान्यात लागणीच्या तारखा बदलल्या जात आहेत. तारीख एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना बदलते. नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाहावं.

मी पाहिलं. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे शेतातल्या पाहणीच्या मूळ चिठ्ठ्या होत्या. त्या कॉम्प्युटरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या तेव्हा चौदा तारखा चुकीच्या निघाल्या. चौदाही नोंदींखाली त्या मुलीचं नाव होतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. गुन्हा उघडकीस आल्यावर पोलिसाला होतो तो वेगळा, हा तसा नव्हता. घरी जाऊन मुलाला सांगायची मला घाई झाली होती. सांगितलंही. तो म्हणाला, "ती असं करणार नाही, बाबा." त्या संध्याकाळी मी धड जेवलो नाही.

कॉम्प्युटरचा वेगळा कायदा तेव्हा आला नव्हता. बनावट दस्तऐवजाच्या कलमांखाली गुन्हा नोंदवला आणि मुलीला ठाण्यात बोलावणं धाडलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा हा नियम मला चांगला ठाऊक होता. ठाण्याचं लिखाण करणाऱ्या आमच्या रायटर हवालदाराने दबक्या आवाजात आठवणही करून दिली. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तो पुन्हा आपल्या कागदांकडे वळला. नगरहून एक महिला शिपाई मागवून घेतली म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक झालं, असं मी धरून चाललो.

चार दिवस ती सकाळी दहाला यायची आणि पाचला जायची. बाहेरच्या बाकावर तिचे वडील आगाराचा खाकी शर्ट घालून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तुमचं इथे काम नाही, तुम्ही ड्युटीवर जा."

ते उठून उभे राहिले. "रजा टाकलीय, सायेब. तुमी इचारा तिला काय इचारायचं ते. आमी हितं बसतो."

मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारत राहिलो. का केलंस? कोणाच्या सांगण्यावरून केलंस? कोणाचा ऊस पुढे घालायचा होता? ती दर वेळी सांगायची, "मी केलं नाही, साहेब." ती रडली नाही याचा मला राग येत होता. आरोपी रडला की तपास अधिकाऱ्याला आपण बरोबर आहोत असं वाटतं. तेवढं समाधानही ती मला देत नव्हती.

चौथ्या दिवशी मी तिच्या अटकेचा अहवाल लिहायला घेतला. मी सांगत होतो आणि रायटर लिहीत होता. गुन्ह्याची पद्धत या रकान्यापाशी आल्यावर मी निनावी पत्रातलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तारीख एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना बदलते.

रायटरने पेन थांबवलं. "साहेब, हे पान म्हणजे कुठलं पान लिहू? वहीचं का?"

चार दिवस मी ज्या गुन्ह्याचा तपास करत होतो तो गुन्हा होतो कसा, हे मला माहीत नव्हतं. मी मुलीला आत बोलावलं आणि विचारलं.

ती म्हणाली, "चार दिवसांत हे पहिल्यांदा विचारलंत. आत्तापर्यंत का केलं एवढंच विचारत होता."

दोन पंच घेऊन आम्ही कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात गेलो. तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभी राहून सांगू लागली. नोंदीची तीन पानं होती. पहिल्या पानावर क्लार्क शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात आणि लागणीची तारीख भरतो. दुसऱ्या पानावर तीच माहिती पुन्हा दिसते आणि बरोबर आहे का असं विचारलं जातं. तिसरं पान ती कायमची नोंदवून घेतं. एका पानावर भरलेलं पुढच्या पानाला आपोआप कळत नाही, ते हाती द्यावं लागतं. ते जात होतं पडद्याच्या वरच्या पट्टीतून, पानाच्या पत्त्याला जोडून. मी वाकून पाहिलं. पत्ता संपल्यावर एक प्रश्नचिन्ह होतं आणि त्यापुढे गट नंबर, तारीख, सगळी लांबलचक शेपटी. नोंद करणाऱ्याचं नावही त्याच शेपटीत होतं.

"तिथे क्लिक करा आणि तारीख बदला," ती म्हणाली.

मी एका बोटाने तारीख बदलली. तिच्याच सांगण्यावरून शेवटी तिचं नाव टाकलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर नोंद झाल्याचा आकडा आला. मी केलेली नोंद त्या मुलीच्या नावावर गेली होती.

"तारीख खरी आहे का ते फक्त पहिलं पान तपासतं," ती म्हणाली. "पुढची पानं आधीच्या पानावर विश्वास ठेवतात. चूक माझीच आहे, साहेब. तिसऱ्या पानानेही तपासायला हवं होतं."

ठाण्यात मुद्देमालाचं पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा घेणारा सील बघतो आणि मगच सही करतो. आधीच्याने बघितलंय म्हणून चालत नाही. ही साधी गोष्ट मला शिकवायला कोणी नको होतं, आणि तरी एक छापील नाव मी चार दिवस डोळे मिटून मानत आलो होतो, कारण ते नाव मला हवं तेच होतं.

"असं पाठवायचं तुला कोणी शिकवलं?"

"आमच्या सरांनी."

सर म्हणजे गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे गृहस्थ. माझा मुलगाही त्यांच्याकडे शिकलेला. कारखान्याची मशीन तपासायला ते दर शनिवारी यायचे. नोंदीत प्रत्येक बदलाचा दिवस आपोआप पडलेला होता, तो शेपटीत नव्हता. मी कॅलेंडर मागवलं. चौदाही बदल शनिवारचे होते. गेटवरचं रजिस्टर जप्त केलं, त्यात त्या सगळ्या शनिवारी सरांच्या येण्याजाण्याच्या सह्या होत्या. मग ते पत्र आठवलं. ज्याची पाळी चुकली तो पाळी चुकली एवढंच लिहील. कुठल्या पानावरून कुठे जाताना काय बदलतं, हे आतल्या जाणकारालाच सुचणार.

सरांना मी तज्ज्ञ म्हणून मदतीला बोलावलं. चहा मागवला. दरडावण्याची गरज पडणार नाही हे मला कळत होतं, कारण विद्यार्थिनी पुढे गेल्यावर या माणसाला कुठे दुखत असेल ते मी माझ्यावरून ओळखलं होतं. मी मुलीचं कौतुक सुरू केलं. काय डोकं आहे पोरीचं, म्हटलं. आमचे अधीक्षक साहेबही काम बघून खूश झालेत. ती यातून सुटली की आमच्या लोकांना शिकवायला तिलाच बोलावणार आहोत.

त्यांचा चहा तसाच राहिला. कान लाल झाले.

"डोकं कसलं, साहेब?" ते म्हणाले. "तिसऱ्या पानावर तपासणीच नाही. कोणीही येऊन तारीख बदलावी, खालचं नाव बदलावं. हिला काय येतं?"

"नाव बदलल्याचं मी कोणालाच बोललो नाही, सर. पंच, ती मुलगी आणि मी, एवढ्यांनाच माहीत आहे."

त्यांनी कप बाजूला सारला. मग बोलायला लागले ते थांबेनात. "मीच शिकवलं होतं तिला तसं पाठवायला. हे काम आधी कारखान्याने मला विचारलं होतं. मग ही लागली आणि मला मशीन पुसायला ठेवलं. उद्घाटनाला तिला शाल दिली. तिने भाषणात माझं नाव घेतलं, सर्वांत आधी घेतलं. नसतं घेतलं तर बरं झालं असतं. घरी आलो आणि दोन दिवस क्लास बंद ठेवला. पत्रही मीच टाकलं, पण मला तिचं वाईट करायचं नव्हतं. तिचं काम मोडावं आणि दुरुस्तीला मला बोलावावं, एवढंच हवं होतं."

"आणि त्या म्हाताऱ्या बाईचा ऊस?"

"गट नंबर कोणाचे ते मी पाहिलंच नाही."

मी त्यांना अटक केली. हातकडी घातली नाही. माझ्या नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले, पण इतका सहज कळलेला दुसरा नाही, आणि त्याची मला लाज वाटली. फरक एवढाच होता की त्यांच्या हाताशी शनिवार होता आणि माझ्या हाताशी ठाणं.

पुढे दोषारोपपत्र गेलं, केस रेंगाळली, शिक्षा किरकोळ झाली. बाईचा ऊस कारखान्याच्या अध्यक्षांनी खास तोडणी टोळी पाठवून तोडला, पण तोवर तो वाळून पाचटासारखा झाला होता. मुलीला कारखान्याने सन्मानाने परत कामावर घेतलं. तिने तिन्ही पानं दुरुस्त केली आणि महिन्याभरात राजीनामा दिला. ठाण्यात चार दिवस बसवून ठेवलेल्या मुलीकडे बायका कशा बघतात, हे तिने कोणाला सांगितलं नाही, पण गावात सगळ्यांना माहीत होतं. ती पुण्याला गेली.

रिकाम्या जागेवर दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला बोलावणं आलं. आमच्या घरी पेढे आले. पहिल्या दिवशी मुलगा कामावरून आला आणि जेवताना म्हणाला, "तिने जायच्या आधी सगळं लिहून ठेवलंय, बाबा. कुठलं पान काय करतं, कुठे सांभाळायचं. मला हे असं जमलं नसतं." माझा मुलगा, माझ्या घरात, माझ्या ताटासमोर तिचं कौतुक करत होता, आणि एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या पोटात दुखलं. हे लिहायला मला आज सोपं जात नाही.

पुढच्या आठवड्यात मी साध्या कपड्यांत एसटीच्या आगारात गेलो. तिचे वडील एका गाडीखाली होते. बाहेर येऊन फडक्याला हात पुसत त्यांनी नमस्कार केला. मी म्हटलं, "तुमच्या मुलीची माफी मागायची होती."

"ती पुन्याला हाय, सायेब. समोर एसटीडी बूथ हाय, फोन लावून देतो. आत्ता जेवायच्या सुट्टीत भेटंल."

"नको, कामात असेल. परत कधीतरी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता. "मंग माज्याकडं कशाला आला?"

मी परत फिरलो. कशाला गेलो होतो ते रस्त्यात कळलं. अशी मुलगी ज्याच्या पोटी आली तो माणूस मला जवळून पाहायचा होता. मला मुळात त्याचाच हेवा वाटत होता. रजा टाकून चार दिवस तो बाकावर बसला होता, पोरगी खोटं बोलत नाही एवढ्या एका खात्रीवर. माझ्या मुलाबद्दल अशी खात्री मी कधी बाळगली नाही. तो तीनदा खरं बोलला आणि तिन्ही वेळा मी चिडलो.

नंतरच्या नोकरीत मी माझ्या हाताखालच्या पोरांना एकच सांगत आलो. आरोपीचं नाव ऐकून तुम्हाला बरं वाटलं, तर तो तपास दुसऱ्याकडे द्या. हे कुठून शिकलो ते त्यांना सांगितलं नाही. फोन मी त्या दिवशी केला नाही आणि नंतरही केला नाही.