दाढीचा आरसा आणि वृंदाताईंचं पान

…तर अशोकरावांनी आपल्या डाव्या गालाला बोट लावलं, इथपर्यंत आपण आलो होतो. ही नवराबायकोची ठरलेली खूण. वृंदाताईंच्या गालाला शीत चिकटलं की अशोकरावांनी स्वतःचा गाल दाखवायचा. पण त्या दिवशी बोट बघितलं ते जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांनी. एकाने गाल पुसला, मग शेजारच्याने पुसला, आणि बघता बघता अख्खं टेबल गाल पुसत बसलं! फक्त वृंदाताईंचं शीत जागच्या जागी. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा दाढीचा आरसा, तो स्टीलच्या पायावर उभा राहणारा, त्यांच्या ताटासमोर आला तो आलाच.

ही सत्त्याण्णव सालची, फरीदाबादची गोष्ट. वृंदाताईंच्या चेहऱ्याची डावी बाजू दोन वर्षं हळूहळू आत बसत चालली होती, आणि ओठापासून कानापर्यंत सगळं बधिर. आमटीने ओठ पोळला तरी पत्ता नाही. फोड आला की कळायचं. आजाराचं नाव एवढं लांबलचक, की अशोकराव ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवायचे. दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरांनी "दुर्मीळ आहे" म्हणून चौदा विद्यार्थी बोलावले. प्रत्येकाने गालाला सुई लावून विचारलं, "यहाँ पता चलता है?" चौदाव्याला वृंदाताई म्हणाल्या, "बेटा, गाल को तो कुछ नहीं, पर अब सिर दुखने लगा है."

आता त्या सालच्या गणपतीचं ऐका. फरीदाबादच्या मराठी मंडळाची पंगत म्हणजे जमिनीवर मांडी घालून, केळीच्या पानावर. मूर्तीसमोरच्या पहिल्या ओळीत वृंदाताईंची जागा बारा वर्षांची. पण यंदा गुडगावच्या काचेच्या ऑफिसांत नव्याने लागलेली पुण्या-मुंबईची मंडळी येणार होती. मांडव एका टीव्ही कंपनीने दिलेला, फोटोग्राफरही तिचाच. वृंदाताई सकाळपासून मोदक वळून मोकळ्या होतात न होतात, तोच मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी साधनाताई आल्या. अगदी प्रेमाने हं.

"वृंदा, तुझं पान आतल्या खोलीत मांडलंय. पंखा आहे. निवांत जेव."

"आत आणखी कोण आहे?"

"तूच. म्हणजे, तुला अवघडल्यासारखं नको व्हायला."

"मला कुठे अवघडलंय?"

"अगं, नवीन लोक आहेत यार, फोटो निघणार. समजून घे ना."

वृंदाताईंचा उजवा गाल तापला. तो शाबूत होता ना! दोन वर्षांत सुया सोसल्या, फोड सोसले, पण हे पंख्याखालचं एकटं पान काही गिळवेना. आज आत बसलं की पुढच्या वर्षीही पान आतच, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

त्या पिशवी खांद्याला अडकवून आत गेल्या. साधनाताईंनी सुटकेचा श्वास सोडला. आणि वृंदाताई बाहेर आल्या त्या पान दोन्ही हातांवर तोलून, मीठ-लिंबूसुद्धा न सांडता! थेट पहिल्या ओळीत बसल्या. पिशवीतून आरसा काढून पानापुढे उभा केला.

शेजारी गुडगावची कृतिका होती, नव्या नोकरीतली मुलगी. तिला राहवेना. "मावशी, हा आरसा?"

"शीत कुठे राहिलं ते बघायला. माझ्या गालाला कळत नाही."

"अच्छा," असं म्हणून ती थोडी सरकून बसली, आरशावर उजेड पडावा म्हणून. झालं, एवढंच.

वरणभात निम्मा झाला आणि फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. साधनाताई पदर सावरत धावत आल्या. "वृंदा, अगं फोटोत आरसा येतोय! फोटो होईपर्यंत तरी खाली ठेव!"

अख्खी ओळ हात थांबवून बघायला लागली. वृंदाताईंनी आरशात बघितलं, हनुवटीवरचं एक शीत सावकाश टिपलं, आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"येऊ दे की! त्याला म्हणावं, डावीकडून काढ, तिकडे उजेड चांगला आहे. आणि साधना, मठ्ठा कुठवर आला बघ जरा, माझा द्रोण केव्हाचा रिकामा आहे."