दगडाला विचारून

माझ्या कपाटात आकाशातून पडलेले अठरा दगड आहेत. दगड आपलं म्हणायचं. सगळ्यात मोठा काजूबीएवढा, आणि सगळ्यात लहान बघायला भिंग लागतं. पण आम्हा उल्का जमवणाऱ्यांत मान आकाराला नसतो, साक्षीदाराला असतो. दगड पडताना कुणीतरी पाहिलेला हवा, आणि कुठे, कधी, कुणी पाहिला याची चिठ्ठी सोबत हवी. चिठ्ठी हरवली की त्याच दगडाला कुत्रं विचारत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला मी हे सगळं सोवळ्यात पाळतो, आणि शेंदूर फासलेल्या दगडापुढे हात जोडणाऱ्यांना हसतो.

दुखणं एकच होतं. अठराही दगड परक्या आभाळातले. आपल्या जिल्ह्यात पडलेला एकही नाही. मग नांदगावच्या आतल्या वाडीतला एक काजूवाला बोलता बोलता म्हणाला, की त्याच्या आईने शेतात जळता दगड पडताना पाहिलाय. मी दगडाआधी आईची चौकशी केली, आहे ना अजून?

"आसा मा. दगडय आसा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवगडहून निघून त्याच्या अंगणात हजर.

म्हातारी ऐंशीच्या पुढची. लग्न होऊन आली त्याच वर्षी भात कापताना वर गडगडाट झाला, बाकीच्या बायका विळे टाकून पळाल्या आणि ही एकटी बघत उभी राहिली. "पळाचा खंय ताच माका ठावक नाय होता. नवीन होतंय," ती म्हणाली. मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

दगडाचा मात्र एव्हाना देव झाला होता. काजूच्या बुंध्याशी, नारळाएवढा, शेंदराने लालभडक. मी नखाएवढा तुकडा मागितला.

"देवाक इचारूया," म्हातारी म्हणाली.

मुलाने दगडाच्या दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. पाकळी नीट चिकटली नसेल, असं म्हणून मी पुन्हा कौल लावायला लावला. डावीच. तिसऱ्या वेळी डावी पाकळी मी स्वतः भिजवून, अंगठ्याने दाबून बसवली. तीच पडली. तीनदा एकच बाजू येणं अजिबात अशक्य नाही, हे मी वर्गात कित्येकदा शिकवलंय.

निदान खात्री तरी करावी म्हणून खिशातला लोहचुंबक काढला आणि शेंदराचा टवका उडून काळी, जळकी साल दिसत होती तिथे धरला. खटकन चिकटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. चुंबक काढायला हात पुढे केला, तर म्हातारीने मनगट धरलं.

"काढू नकात मास्तरानू. देवान घेतलो तो घेतलो."

आत लोखंड असतं म्हणून तो चिकटतो, असं मी समजावलं.

"मगे? देवाच्या पोटात काय आसा ता तुमका ठावक, म्हणानच तुमच्याकडसून घेतल्यान."

मागायला गेलो आणि देऊन आलो. घरी येऊन मी चिठ्ठी मात्र लिहिली: जागा, वेळ, साक्षीदार, तिचे शब्द. एकोणिसाव्या डबीत ती एकटीच आहे. कपाट बघायला येणाऱ्यांना मी ती डबी सगळ्यात आधी उघडून दाखवतो. ते आत वाकून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.

परवा पुन्हा त्या वाडीत गेलो. माझ्या चुंबकावर आता शेंदूर चढलाय. एक बाई त्याला हळद लावून लेकीच्या नोकरीसाठी गाऱ्हाणं घालत होती. मला हसू फुटणार होतं. पण तिच्या मागे रांगेत मीच उभा होतो, हातात फूल घेऊन, चौथ्या कौलासाठी.